ठपका स्वच्छ आवाजाचा

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचं बटण फिरवलं की आवाज लगेच येत नसे. आतल्या काचेच्या नळ्या लालसर होईपर्यंत बातम्यांची पहिली दोन वाक्यं हुकायची. मग कातडी पिशवीतून खांद्याला लटकणारा, सेलवर चालणारा रेडिओ आला आणि मराठी घरांनी त्या डब्यालाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायला सुरुवात केली. आतल्या मटारएवढ्या वस्तूचं नाव अख्ख्या यंत्राला मिळालं. व्हॉल्व्ह गेले म्हणून फारसं कोणी हळहळलं नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या अँपच्या घराण्यात मात्र ट्रान्झिस्टरला पहिल्या दिवसापासून सावत्र वागणूक मिळाली. आज त्याच सावत्र पोराचे साठ-सत्तरच्या दशकातले नमुने हुडकत वादक हिंडतात.

अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला, तो कमजोर सिग्नल मोठा करण्यासाठीच. म्हणजे अँप हा त्याचा हक्काचा मुक्काम. साठच्या दशकात गिटारवाल्या कंपन्यांनी तो उचलला, तेव्हा आश्वासनांची लयलूट होती : वजन कमी, काच फुटण्याची भीती नाही, व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च नाही, बटण दाबलं की आवाज हजर. सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १९६५ साली गिटार आणि अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरची कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिथून ट्रान्झिस्टर अँपची नवी माळ बाजारात आली. त्यांना नावं मात्र जुन्याच लाडक्या व्हॉल्व्ह अँपची दिली : ट्विन रिव्हर्ब, सुपर रिव्हर्ब, बासमन. चूक इथेच झाली. बापाचं नाव लावलं की लोक बापाचाच आवाज मागणार. तो काही निघेना. काही वर्षांतच ती सगळी माळ गुंडाळावी लागली.

आवाज का निघेना? अँपच्या ताकदीपलीकडचा सिग्नल आत गेला की व्हॉल्व्ह लाटेचे खांदे हळूहळू गोल करत नेतो. ट्रान्झिस्टर शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ राहतो आणि मग लाटेचं टोक सुरीने कापल्यासारखं सपाट करतो. कानाला ते किरकिरं, खरबरीत लागतं. हाय-फाय ऐकणाऱ्याला याचं सोयरसुतक नव्हतं, कारण तो अँप कधी त्या टोकापर्यंत नेतच नसे. गिटारवाले नेमके त्याच टोकावर राहायला गेले होते. रसेल हॅम या ध्वनी अभियंत्याने १९७३ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या फरकावर लेख लिहिला. त्याचा रोख साधारण असा, की फरक तापवल्यावर, म्हणजे अँप ओव्हरलोड झाल्यावर कळतो. वादकांचे कान तेच म्हणत होते.

त्यात तब्येतही नाजूक. सुरुवातीचे बरेच ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. ते तापले की त्यांतून जास्त वीज वाहते, जास्त वीज वाहिली की ते आणखी तापतात, आणि हे चक्र वेळेत तुटलं नाही तर ट्रान्झिस्टर जळूनच थांबतो. स्पीकरच्या वायरीत शॉर्ट झाला तर व्हॉल्व्ह अँप थोडा वेळ तरी सोसायचा. ट्रान्झिस्टरचा डोळ्याचं पातं लवायच्या आत जायचा.

टिकले ते बहुतेक नक्कल न करणारे. कॅन्सस राज्यातल्या शनूट नावाच्या लहानशा गावात बड रॉसने कस्टम कंपनी काढली आणि आपल्या अँपना चक्क मोटारीच्या सीटसारखी गादी शिवली : फुगीर पट्ट्यांचं, चमचमतं रेक्झिन, लाल, निळं, सोनेरी. आजही जुना कस्टम बघितला की अँपवर बसावं की त्यात गिटार लावावी असा प्रश्न पडतो. जॉन फॉगर्टीने क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडमध्ये हाच वापरला. ‘बॉर्न ऑन द बायू’ या गाण्यातला लाटेसारखा हेलकावा त्याच्याच ट्रेमोलोचा. बास गिटारच्या बाजूला अकूस्टिक ३६० हा २०० वॉटचा अँप आला. त्याच्या पेटीत १८ इंची स्पीकर घडी घातलेल्या भोंग्यात बसवलेला. जॅको पास्टोरियसच्या बासमध्ये प्रत्येक स्वर सुटा, कडक, तुकतुकीत ऐकू येतो, त्यात या अँपचा वाटा मोठा. बासला व्हॉल्व्हची ऊब फार झाली तर नुसता चिखल होतो.

नक्कल कोणालाच जमली नाही असंही नाही. गिटारवाल्या गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हीच मूग सिंथेसायझरचीही मालक होती. मूगच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लॅब सिरीजचा एल-५ बांधला. बी. बी. किंगने त्याच्यात आपली ‘लुसिल’ नावाची गिटार लावली आणि तो आवडता केला. ब्लूजचा राजा ट्रान्झिस्टरवर वाजवतो म्हटल्यावर नाकं मुरडणाऱ्यांची पंचाईत झाली.

पण या कुळाचा खरा कर्ता पुरुष जपानचा. इकुतारो काकेहाशी हे मुळात घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी १९७२ साली ओसाकाला रोलँड कंपनी काढली, आणि १९७५ साली तिथून जेसी-१२० जाझ कोरस बाहेर पडला. एका पेटीत ६० वॉटचे दोन वेगळे अँप आणि प्रत्येकाला आपापला १२ इंची स्पीकर. वजन २८ किलोच्या आसपास. जिना चढवताना ‘हलका ट्रान्झिस्टर’ हे आश्वासन आठवून हसू येतं.

दिंडीत पन्नास जण एकच अभंग म्हणतात, तेव्हा कोणाचाच सूर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. आवाजाची जाडी त्या बारीक फटींतूनच येते. एका गिटारमधून ही फट काढायची कशी? फिलिप्समध्ये सँगस्टर आणि टीर यांनी १९६९ साली एक सर्किट मांडलं होतं. स्लॅब पडताना कामगारांच्या रांगेतून घमेली हातोहात पुढे जातात ना, तसा त्यात आवाजाचा नमुना एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकत जातो आणि काही मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. इंग्रजीत त्याला आग विझवणाऱ्या बादल्यांच्या रांगेवरून ‘बकेट ब्रिगेड’ नाव पडलं. रांगेचा वेग सावकाश कमी-जास्त केला की सूर किंचित वर-खाली डुलतो. अँपच्या नावातला कोरस तो हाच. रोलँडने हे एकाच स्पीकरला दिलं. दुसऱ्याला जसाच्या तसा आवाज. दोन्ही मिसळतात ते वायरीत नव्हे, खोलीतल्या हवेत. म्हणून समोर दोन पावलं सरकलं की आवाज बदलतो, आणि एकाच स्पीकरपुढे माइक ठेवला तर निम्मी जादू तिथेच राहते.

इथे स्वच्छपणाचा ठपका एकदम गुण झाला. अँपने आपला रंग मिसळलाच नाही, म्हणून ते डुलणं पाण्यावरच्या तरंगासारखं लख्ख कळतं. १९७६ साली तोच कोरस सुटा काढून सीई-१ म्हणून विकायला आला. रोलँडच्याच बॉस या नावाखालचा तो पहिला पेडल. द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ आणि द स्मिथ्सचा जॉनी मार यांनी ऐंशीच्या दशकात जेसी-१२० वर वाजवलं. मेटॅलिकासारख्या गडगडाटी बँडचा जेम्स हेटफिल्ड शांत भागांसाठी याच अँपकडे वळायचा.

आणि ती सुरीने कापलेली किरकिर? तिलाही गिऱ्हाईक मिळालं. सन कंपनीच्या बेटा मालिकेत तर शून्य-एकचा हिशेब करण्यासाठी बनवलेली सीमॉस चिप मुद्दाम वेडीवाकडी वापरून विकृती काढली होती. मेल्विन्स बँडच्या बझ ऑस्बोर्नने बेटा लीडवर आपला संथ, अजस्र आवाज उभा केला. डाइमबॅग डॅरेलने रँडल आरजी-१०० वर पँटेरा बँडचा १९९० चा ‘काउबॉइज फ्रॉम हेल’ हा अल्बम वाजवला. लाकूड कापणाऱ्या यंत्रासारखी ती धार व्हॉल्व्हच्या गोल खांद्यांतून निघणं कठीण. आणि व्हॉल्व्हवाल्यांच्या तुच्छतेमुळे हे जुने अँप वर्षानुवर्षं स्वस्तात मिळत राहिले, हा खिसा रिकामा असलेल्या पोरांचा फायदाच.

जेसी-१२० पन्नास वर्षांनंतरही विक्रीला आहे. त्याच्या पॅनेलवर डिस्टॉर्शनचं बटणही तसंच आहे, आणि बहुतेक वादक ते शून्यावरच ठेवतात.