‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत’ : पाटीमागचा कायदा

हॉटेल, मंगल कार्यालय, रुग्णालय, नाट्यगृह. कोठेही जा, वाहनतळाजवळ एक पाटी हमखास दिसते. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत.’ वाहन चोरीस गेले की व्यवस्थापन या पाटीकडे बोट दाखवते आणि ग्राहक पोलिसांत तक्रार नोंदवून विम्याच्या रकमेची वाट पाहत बसतो. गुन्हा चोराने केला, त्यात जागेच्या मालकाचा काय दोष, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. कायद्याला तो पूर्णपणे मान्य नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिलेला निकाल प्रत्येक वाहनधारकाने ध्यानात ठेवावा असा आहे. प्रकरण दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातील. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री एक पाहुणा आपल्या मारुती झेन गाडीतून तेथे आला. गाडी आणि किल्ली त्याने हॉटेलच्या सेवकाच्या हवाली केली आणि पावती घेतली. गाडी पाहुण्याच्या जोखमीवर राहील, असे त्या पावतीवर छापलेले होते. मध्यरात्रीनंतर तो बाहेर आला तेव्हा गाडी जागेवर नव्हती. दुसऱ्या एका गाडीतून आलेल्या तीन तरुणांनी स्वतःची गाडी मागवली, सेवक त्या गडबडीत असताना त्यांच्यापैकी एकाने मेजावरची झेनची किल्ली उचलली आणि सुरक्षारक्षकाला न जुमानता गाडी पळवली. ती पुन्हा सापडली नाही. विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि नंतर मालकासह हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगाकडे धाव घेतली.

हॉटेलचा बचाव दुहेरी होता. एक तर वाहन ठेवण्याची सोय विनामूल्य होती आणि दुसरे, पावतीवर स्पष्ट सूचना होती. दोन्ही मुद्दे टिकले नाहीत. पंचतारांकित हॉटेलात ही सोय खोलीभाडे, खाद्यपदार्थ आदींच्या मोबदल्यातच अंतर्भूत असते, असे न्यायालयाने मानले. किल्ली स्वीकारून पावती दिली की गाडी हॉटेलच्या ताब्यात जाते आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी हॉटेलला घ्यावी लागते. वस्तू परत मिळाली नाही तर आपण ती काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार हॉटेलवर येतो. चोरी कशी झाली हे पाहुण्याने शोधून सांगण्याची गरज नाही. स्वतःच्या निष्काळजीपणावर छापील सूचनेने पांघरूण घालता येत नाही, हा या निकालाचा गाभा होय.

परंतु येथे एक सीमारेषा आहे आणि ती नीट पाहिली पाहिजे. आपण स्वतः गाडी उभी केली, किल्ली खिशात ठेवली, तर ताबा दिला असे सहसा मानले जात नाही. अशा वेळी मालकाने केवळ जागा वापरू दिली, असे म्हणण्यास वाव राहतो. म्हणजे साऱ्या वादाचे मूळ त्या छोट्याशा किल्लीत आहे.

बँकेतील लॉकरबाबतही अलीकडे स्पष्टता आली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना लॉकरच्या सुरक्षिततेची जबाबदारी झटकता येणार नाही असे बजावले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी नवे निर्देश काढले. चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट राहील. भाडे ३ हजार असेल तर ३ लाख. लॉकरमधील दागिन्यांचे आजचे मोल पाहता ही रक्कम तुटपुंजीच म्हणावी लागेल.

गाडी आणि दागिने झाले. माणसाचे काय? या प्रश्नावर अमेरिकेतील न्यायालयांनी कितीतरी आधी विचार केला. वॉशिंग्टनमधील ५८५ सदनिकांच्या एका इमारतीत १९५९ साली एक महिला भाड्याने राहू लागली, तेव्हा दाराशी चोवीस तास पहारेकरी असे. १९६६ पर्यंत पहारा नाहीसा झाला. भाडेकरूंवर हल्ले होऊ लागले आणि त्या महिलेलाही इमारतीच्या सामाईक मार्गिकेत मारहाण करून लुटण्यात आले. १९७० मध्ये तेथील अपील न्यायालयाने घरमालकाला जबाबदार धरले. धोका त्याला ठाऊक होता आणि सामाईक जागेत बंदोबस्त करणे त्याच्याच हाती होते, हे त्यामागचे कारण. लास व्हेगासमध्ये २०१७ साली हॉटेलच्या खोलीतून संगीत कार्यक्रमावर झालेल्या गोळीबारानंतर त्या हॉटेलच्या मालक कंपनीने जबाबदारी मान्य न करता सुमारे ८० कोटी डॉलरची तडजोड २०२० मध्ये केली.

आपल्याकडे असा दावा अपकृत्याच्या, म्हणजे करार नसतानाही परस्परांविषयी बाळगावयाच्या दक्षतेच्या, कायद्याखाली दिवाणी न्यायालयात करता येतो. पीडित ग्राहक असेल तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मात्र हा कायदा संहिताबद्ध नाही आणि किल्ली-पावतीसारखा सुटसुटीत आधार येथे नसतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात जायबंदी झालेल्या एका ब्रिटिश पाहुण्याने ताजच्या मालक कंपनीवर लंडनमध्ये दावा गुदरला. तो तेथे चालवण्यास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुभा दिली, ती मुख्यतः भारतात निकालास लागणारा काळ पाहून. हे वाचून राग येणे स्वाभाविक आहे. पण झेनच्या प्रकरणाचा निकाल लागण्यास २१ वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

तक्रारदाराने काही गोष्टी वेळीच कराव्यात. पावती जपून ठेवावी, पोलिसांकडील नोंदीची प्रत घ्यावी आणि सीसीटीव्हीचे चित्रण जतन करण्याची लेखी मागणी व्यवस्थापनाकडे त्याच दिवशी करावी; जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. पूर्वी तेथे तसेच गुन्हे घडले असतील तर त्यांची माहितीही मोलाची, कारण धोका मालकाला ठाऊक होता हे त्यावरून दाखवता येते. पहारा देणाऱ्या संस्थेकडे खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ खालील परवाना आहे किंवा नाही, हेही तपासावे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असते. विलंबाचे सबळ कारण दाखवल्यास आयोग ती शिथिल करू शकतो.