इमाम गझालींची वाचा बसली तेव्हा

एखाद्या तरुणाला विनाकारण धडधडू लागले, झोप उडाली, चारचौघांत जाणे नकोसे झाले, की मोहल्ल्यात निदान तयार असते : ‘ईमान कमजोर झाले आहे, नमाज पढ.’ नमाजबद्दल वाद नाही. परंतु हे निदान ऐकले की मला इ. स. १०९५ मधले बगदाद आठवते.

‘हुज्जतुल इस्लाम’ म्हणून पुढे गौरवले गेलेले इमाम गझाली तेव्हा निजामिया मदरशात शिकवीत होते. वय चाळिशीच्या आत, समोर तीनशे विद्यार्थी. रजब महिन्यात एके दिवशी त्यांची वाचाच बसली. शिकवायला बसावे, तर जिभेतून शब्द फुटेना. घास उतरेना, उतरला तरी पचेना. हकिमांनी तपासले आणि हात टेकले. आजार काळजात शिरून तेथून प्रकृतीत पसरला आहे, मनावरची चिंता हटल्याखेरीज औषध नाही, असे ते म्हणाले. ईमानाचा विषय त्यांनी काढला नाही!

कारण काय? त्यांना मदरशात नेमणारे वजीर निजामुल्मुल्क यांचा १०९२ मध्ये खून झाला होता. म्हणून काही अभ्यासक मारेकऱ्यांच्या धास्तीकडे बोट दाखवतात. गझाली स्वतः वेगळेच सांगतात : आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी, हे कळले, पद सोडवेना आणि आखिरतची भीतीही जाईना. मला त्यांचेच म्हणणे अधिक पटते. मात्र सत्तेच्या सावलीतले ते दिवस निर्धास्त नव्हते, हेही खरे.

मनाच्या आजाराला आजार म्हणणारे ते पहिले नव्हेत. ९३४ मध्ये निधन पावलेल्या अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहून त्यात भय, दुःख आणि मनात घोळणाऱ्या वसवशांचा विचार केला होता.

हजला जातो असे सांगून गझाली त्याच वर्षी शामकडे निघाले. दमास्कसच्या मशिदीत मिनारावर चढून दिवसभर दार लावून बसत. ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये त्यांनी खौफ आणि उमेद यांचे एकच प्रकरण केले. पुढे काही अप्रिय घडणार, या अपेक्षेने होणारी काळजाची वेदना म्हणजे खौफ, अशी त्यांची व्याख्या आहे. (आपल्या मराठीनेही अरबीतल्या ‘फिक्र’ची, म्हणजे विचाराची, ‘फिकीर’ करून ठेवली आहे!) माफक भीती चाबकासारखी माणसाला चालवते, अती झाली की आजारी पाडते, बुद्धी नेते, असे ते बजावतात.

११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. ११११ मध्ये त्यांचे निधन झाले; त्याच्या काही वर्षे आधी लिहिलेल्या आत्मकथनात बसलेल्या वाचेची हकिकत त्यांनी स्वतःच, काही न लपवता, नोंदवून ठेवली आहे.