शाळेची आरोग्य तपासणी आणि आपण पालक : वऱ्हाडातील एक मागोवा

मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी शिक्षकांची आणि प्रकृतीची जबाबदारी आईची, अशी वाटणी आपल्या घरांतून पूर्वापार चालत आली आहे. ही वाटणी अपुरी आहे, हे समाजाला उमगण्यास शंभर वर्षे लागली. त्या वाटचालीचे थोडक्यात स्मरण करावे, या हेतूने हा लेख.

आपल्या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदे शहरात झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१४ मध्ये, अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मल्लखांब, लेझीम, कुस्ती यांतून शरीरसंपदेचा संस्कार वऱ्हाडातील तरुणांवर झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, ही अमरावतीकरांना आजही अभिमानाची बाब आहे. परंतु सुदृढ मुलास अधिक सुदृढ करणे निराळे आणि दुर्बल मुलाचा आजार वेळीच ओळखणे निराळे. शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष भोर समितीने १९४६ मध्ये काढला. पुढे श्रीमती रेणुका राय यांच्या समितीने १९६१ मध्ये प्रवेशाच्या वेळी व त्यानंतर दर चार वर्षांनी तपासणी व्हावी, अशी शिफारस केली.

आमच्या शालेय काळात तपासणी म्हणजे देवीची लस, एवढेच ठाऊक होते. लस टोचणारे आले की काही मुले मागच्या भिंतीवरून पळ काढीत, तर काही पालक भीतीपोटी मुलांस घरीच ठेवीत. तरीही त्या लसीकरणाचे फळ म्हणून १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. वऱ्हाडच्या उन्हाचा विचार मात्र शाळा व पालक दोघेही करीत आले. सकाळची शाळा, जूनअखेर उघडणारे वर्ग आणि आईने खिशात घातलेला कांदा, ही त्याचीच उदाहरणे.

१९९५ मध्ये पोषण आहार योजना आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न देण्याची पद्धत रुजली. २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात वैद्यकीय पथकाने शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी करावयाची असते. २०१५ पासून १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळ्या देण्याचा उपक्रमही सुरू झाला.

येथे एक वैयक्तिक कबुली देणे उचित ठरेल. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या शाळेतून तपासणीची चिठ्ठी आली. नजर कमी आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, असे तीत लिहिले होते. दिवाळीच्या हंगामाच्या खरेदीची गडबड होती. चिठ्ठी मी गल्ल्यात टाकली आणि विसरलो. सहामाहीत त्याचे गुण घसरले, तेव्हा अभ्यासात लक्ष नाही म्हणून मी त्यालाच रागावलो. लक्ष्मीपूजनासाठी गल्ला साफ करताना ती चिठ्ठी हाती आली. फळ्यावरचे न दिसल्याने तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेत होता, हे मागाहून समजले. उधारीची चिठ्ठी मी एक दिवसही विसरत नव्हतो. मुलाची मात्र तीन महिने विसरलो. शाळेने आपले काम चोख केले होते. उणीव माझी होती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोला येथे पुन्हा टाळेबंदी लागली. मुलांचे जेवण, झोप, डोळे आणि मन यांकडे पालकांना दिवसभर स्वतःच पाहावे लागले. शाळा आपल्यासाठी काय काय सांभाळत होती, हे तेव्हा कळले.

म्हणून सर्व पालकांस नम्र विनंती आहे. शाळेतून आलेली आरोग्याची नोंद त्याच दिवशी वाचावी व सांगितलेली तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. मुलाचा दमा, आकडी वा अन्य विकार वर्गशिक्षकांपासून लपवू नये. ताप असता हजेरीच्या लोभाने त्यास शाळेत धाडू नये. शाळेची तपासणी वर्षातून एक दिवस असते. उरलेल्या दिवसांची जबाबदारी आपलीच आहे.