कृश, तरीही स्थूल

आपल्याकडे गुटगुटीत बाळ हे आईच्या काळजीचे प्रशस्तिपत्र मानले जाते. मूल पुढे लठ्ठ झाले, की दोषही आईच्याच लाडांना दिला जातो. या समजुतीची परीक्षा घेणाऱ्या संशोधनाचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातील खेड्यांत पार पडला.

प्रश्न प्रथम परदेशात उभा राहिला. भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या लोकांत मधुमेह व हृदयविकार गोऱ्या लोकांपेक्षा अधिक आढळत. लंडनच्या साउथॉल भागातील पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. या लोकांत पोटाभोवतीची चरबी अधिक असल्याचे तिच्यात दिसले. मग हा नव्या देशातील खाण्यापिण्याचा परिणाम म्हणायचा का? तो काही प्रमाणात असणारच. पण सुरुवात तेथेच होते का?

दुसरा धागा हॉलंडमधला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांची सैन्यभरतीच्या वेळची वजने १९७६ साली अभ्यासली गेली. गर्भारपणाच्या पहिल्या सहामाहीत आईची उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा अधिक होता. शेवटच्या महिन्यांत झालेल्यांत तो उलट कमी होता. पुढे साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधील जुन्या जन्मनोंदी तपासून, कमी जन्मवजन आणि प्रौढपणीचा हृदयविकार यांचा संबंध दाखवला.

हे भारतात तपासावे, म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउदम्प्टनच्या संशोधकांसह १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. या स्त्रिया शेतकरी कुटुंबांतल्या, कष्ट करणाऱ्या होत्या. त्यांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदम्प्टनची ३.५ किलोची.

तेव्हा आपली बाळे इंग्लिश बाळांची लहान प्रतिकृती असावीत, असे वाटेल. मोजमापांनी वेगळेच दाखवले. पोट आणि स्नायू बरेच कमी भरले होते. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखालची त्वचेची घडी कॅलिपरने मोजली, तेव्हा तिच्यातील तूट सर्वांत कमी निघाली. म्हणजे स्नायूंची वाढ मागे पडली होती आणि चरबी मात्र टिकून होती. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले आणि 'कृश-स्थूल बाळ' ही कल्पना जगभर पोचली. पुढे इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे पाकिस्तानी वंशाच्या नवजात बाळांतही, वजन कमी असून चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त, असेच चित्र दिसले.

कारणे अनेक असू शकतात. पुण्याच्या अभ्यासात ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. बहुसंख्य मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गर्भारपणात फोलेट अधिक असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी अधिक चरबीची होती, आणि फोलेट अधिक पण ब-१२ कमी असलेल्यांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. हा संबंध आहे; एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आनुवंशिकता आणि जन्मानंतरचा आहारही हिशेबात धरावाच लागतो.

मात्र स्थलांतराकडे पाहण्याची दृष्टी यामुळे बदलते. टंचाईत घडलेले शरीर सुबत्तेत पोचले, की अडचण वाढते. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. विदर्भातल्या खेड्यातून सीताबर्डीत येऊन राहिलेल्या कुटुंबालाही हाच विचार लागू पडतो. तेथे तळलेले पदार्थ हाताशी असतात आणि चालणे कमी होते.

शिक्षकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वर्गातला सडपातळ मुलगा निरोगीच असेल, असे वजनकाट्यावरून ठरवू नये. खेळाचा तास त्यालाही तितकाच हवा. आणि लठ्ठ मुलाच्या आईला बोल लावण्याआधी आठवावे, की तिचे स्वतःचे पोषण तिच्या हाती कितपत होते? आज आठवीत बसलेली, घरी सर्वांचे झाल्यावर जेवणारी मुलगी उद्याची आई आहे. पुढच्या पिढीच्या आरोग्याचा विचार तिच्या ताटापासून सुरू करायला हवा.