उडीतील दोष

इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख आणि बखरी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. बीदरच्या किल्ल्याशेजारी नांदणाऱ्या आपल्या या सीमाभागात तर तसे होणे स्वाभाविकच आहे. परंतु माणसाने निव्वळ करमणुकीसाठी घडविलेल्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि त्यांतील दोष हे कित्येकदा त्या इतिहासाचे अस्सल साधन ठरते. असाच एक लहानसा खेळ आज आपण पुन्हा न्याहाळून पाहणार आहोत. त्याचे नाव 'आइस क्लायंबर'.

जपानमधील निन्टेंडो कंपनीने 'फॅमिकॉम' हे घरगुती खेळयंत्र 15 जुलै 1983 रोजी बाजारात आणले आणि त्यासाठी हा खेळ 30 जानेवारी 1985 रोजी प्रसिद्ध केला. पोपो आणि नाना हे दोन चिमुकले गिर्यारोहक हातात लाकडी हातोडे घेऊन बर्फाचे डोंगर चढतात. डोंगर एकंदर 32, आणि प्रत्येकास 8 मजले. डोक्यावरचे बर्फ उडी मारून हातोड्याने फोडावयाचे, पडलेल्या भगदाडातून वरचा मजला गाठावयाचा, आणि शेवटी शिखरावर उडणाऱ्या गिधाडास धरावयाचे. वाटेत वांगी वगैरे भाज्याही वेचावयाच्या असतात. उगाच रेंगाळाल तर काळा चष्मा घातलेले एक पांढरे अस्वल येते आणि सारा पडदाच वर ढकलते. कल्पना मोठी गमतीची आहे.

परंतु खेळावयास बसताच घोटाळा होतो. गिर्यारोहकाची उडी उंच जाते, पण आडवी सरकतच नाही म्हटले तरी चालेल. शेजारचा कठडा हाताच्या अंतरावर दिसत असतो; आपण दिशेची कळ जिवाच्या आकांताने दाबतो, आणि गडी सरळ वर जाऊन जवळजवळ होता तेथेच खाली येतो. त्याहून विचित्र असे की, कठड्याच्या कडेवर पाय टेकला असे वाटत असतानाच तो कधीकधी तीतून आरपार घसरतो.

आपल्याकडे हा खेळ आला तो निराळ्याच वाटेने. फॅमिकॉमच्या स्वस्त नकला 1990 नंतरच्या दशकात भारतभर विकल्या गेल्या, आणि एका कॅसेटीत शेकडो, हजारो खेळ असल्याच्या बढाया त्यांच्या वेष्टनांवर झळकू लागल्या. प्रत्यक्षात तेच ते मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. 'आइस क्लायंबर' आकाराने लहान असल्यामुळे अशा कॅसेटींत सहज सामावे. पुष्कळशा नकलांत मूळ कर्त्यांची नावेही पुसलेली असत. या यंत्रांच्या हातातील पट्टीला आपल्याकडे 'रिमोट' म्हणत. तिच्या कळांखाली रबराचा पडदा असतो, आणि त्यावरील काळी टिकली तांब्याच्या रेषांना टेकली की आज्ञा यंत्रास पोहोचते. टिकली झिजली किंवा आत धूळ गेली की आज्ञा पोहोचेनाशी होते. मग उडी चुकली तर दोष कोणाचा? मूल म्हणे, रिमोट खराब आहे. शेजारी बसलेला गडी म्हणे, तुलाच खेळता येत नाही. खेळच सदोष असेल, हे कोणाच्या मनातही येत नसे.

हा प्रश्न मराठी वाचकास अपरिचित नाही. एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही मूलतः हाच प्रश्न होता. नकलाकारांच्या हातून आलेले दोष कोणते, आणि मूळ ग्रंथकाराचे शब्द कोणते? काव्य आणि करमणूक यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु पद्धत तीच आहे. आधी प्रती ताडून पाहावयाच्या, मग निर्णय द्यावयाचा.

आज ती संधी मिळाली आहे. निन्टेंडोने 2016 मध्ये आपल्या जुन्या यंत्राची जी छोटी आवृत्ती काढली, तीत हा खेळ होता. पुढे नव्या यंत्रांवरही तो उपलब्ध झाला. नवी कोरी कळपट्टी हातात घेऊन खेळले तरी उडी तशीच ताठ राहते आणि कडेवरून पाय तसाच निसटतो. म्हणजे आपल्या झिजलेल्या रिमोटांवर आरोप झाला, त्यातला निदान अर्धा तरी अन्याय्य होता. दोष मुळातच होता.

यावर कोणी म्हणेल, हा दोष कशावरून? खेळ अवघड व्हावा म्हणून मुद्दामच तसे केले असेल. येथे नियम आणि दोष यांतील भेद ओळखला पाहिजे. नियम कठोर असला तरी प्रत्येक वेळी सारखाच वागतो. दोघे खेळत असताना एक जण पुढे चढला आणि पडदा वर सरकला, तर खाली राहिलेल्याचा जीव जातो. हा नियम झाला. तो क्रूर आहे, पण समजतो, आणि म्हणूनच खेळणाऱ्यांना शहाणे करतो. हळ्ळीखेडच्या परिसरात कानडी, मराठी आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. तेथे 'निल्लु', 'थांब' आणि 'ठैर' यांपैकी कोणत्याही शब्दाने जोडीदारास थोपविता येते, आणि त्याच्यासाठी थांबावे लागते, हे या नियमाने शिकविले. उलट, आत्ता पेलणारी कड पुढच्या क्षणी पेलत नाही, तेव्हा त्यातून काहीच शिकता येत नाही. तो दोष होय.

आणि तरीही तो दोष जपून ठेवावा असे वाटते. का, ते पाहा. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये एकदा उडी घेतली की तिची दिशा हवेत बदलता येत नसे. 13 सप्टेंबर 1985 रोजी 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. त्यात कळ जितकी दाबावी तितकी उडी उंच, आणि हवेत असतानाही तिला वळण देता येई. या दोन टोकांच्या मध्ये, मारिओच्या साडेसात महिने आधी, 'आइस क्लायंबर' उभा आहे. हवेत वळण्याची मुभा द्यावी हे कळले होते, पण किती द्यावी हे उमगले नव्हते. त्याचे आज्ञालेखन काझुआकी मोरिता यांनी केले. तो त्यांचा पहिलाच खेळ होता, आणि पुढे मारिओच्या आज्ञालेखनातही त्यांचा हात होता. नवशिक्या हाताची ती खूण आजही त्या उडीत शाबूत आहे.

म्हणून चुकलेली उडी मागे घेण्याची सोय आजच्या आवृत्तीत कोणी दिली तर हरकत नाही. ती पोथीच्या समासातील टीप समजावी. परंतु मूळ उडीच सुधारून 'हाच तो जुना खेळ' असे कोणी सांगू लागले, तर तो प्रक्षेप होईल. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालू नये, असे नाथांनी पुढच्यांना बजावले होते. ज्या नकलांनी हा खेळ आपल्या गावांपर्यंत आणला, त्या आज भंगारात जात आहेत. त्यांच्यावर कर्त्यांची नावे नव्हती; निदान त्यांतील चुका तरी आपण खऱ्या धन्याच्या नावावर जमा केल्या पाहिजेत.