पेशीचा मुखवटा : परळ ते एडमंटन

भिवंडीचा माणूस मोठ्या दुखण्यासाठी आजही परळच्या केईएम रुग्णालयाची वाट धरतो. तिथेच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही विलक्षण रक्तनमुने आढळले. १९५२ साली त्यांवरचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

या तांबड्या पेशींना ए आणि बी यांचे प्रतिपिंड चिकटत नव्हते. वरकरणी हा ‘ओ’ गटच! परंतु या व्यक्तींचे सीरम ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. साऱ्या जगाला चालणारा ‘ओ’ दाता यांच्या मात्र जिवावर उठणारा. हाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला गेला.

उणीव कशाची होती? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली की ‘एच’ प्रतिजन तयार होतो, आणि ए-बी त्याच्यावरच उभे राहतात. बॉम्बे गटात हा पायाच नाही. मग मजले कुठून चढणार?

भेंडे यांच्या निबंधाच्या सहलेखकांत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हेही होते. त्याच वर्षी या दोघांनी एक साधा प्रयोग मांडला, आणि मला तो मूळ शोधाइतकाच थोर वाटतो. ईल माशाचे सीरम ‘ओ’ पेशींच्या गुठळ्या करते. त्यात आधी नुसते फ्यूकोज मिसळले, तर गुठळ्या होत नाहीत. सीरममधला घटक शर्करेलाच पेशी समजून तिला धरून बसतो! पेशीची ओळख म्हणजे तिच्या अंगावरची चिमूटभर शर्करा, हे त्यातून उघड झाले.

मग ती ओळख प्रयोगशाळेत घडवता येईल काय? कॅनडातील एडमंटन येथे, अल्बर्टा विद्यापीठात, रेमंड लेम्यू यांनी १९७५ मध्ये बी प्रतिजनाच्या टोकाची त्रिशर्करा रासायनिक रीतीने बनवली. पुढे अशा कृत्रिम शर्करा सिलिकाच्या कणांवर बसवण्यात आल्या. ही पेशी नव्हे, पेशीचा केवळ मुखवटा. पण प्रतिपिंड फसतात आणि त्याला चिकटतात. १९८०च्या दशकारंभी अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी रुग्णांच्या रक्तातील ए-बी प्रतिपिंड गाळण्यासाठी असे स्तंभ वापरले गेले.

बॉम्बे गटाच्या रुग्णाला मात्र आजही बॉम्बे गटाचेच रक्त लागते, आणि भारतात तो दाता साधारण दहा हजारांत एक सापडतो.