हेरथची रात्र

महाशिवरात्र म्हटलं की आपल्याला काय आठवतं? साबुदाण्याची खिचडी, कवठाची चटणी आणि देवळाबाहेरची रांग. त्याच शिवरात्रीच्या पूजेसाठी मासे आणि मटण रांधणारे ब्राह्मणही भारतात आहेत, हे ऐकून आपल्याकडच्या आज्यांना घेरीच येईल. पण आहेत! काश्मिरी पंडित. सगळ्याच घरांत नाही, काही घरं शाकाहारी पूजा करतात. पण बऱ्याच घरांत.

त्यांच्या शिवरात्रीचं नाव हेरथ. 'हर-रात्री'वरून आलेलं, असं मानतात. येते बहुधा आपल्या आदल्या दिवशी, त्रयोदशीला. त्यांच्या पंचांगात महिना फाल्गुन, आपल्यात माघ. घोळ काही नाही, उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. डेटा तोच, फॉरमॅट वेगळा.

गंमत म्हणजे मुख्य पूजा देवळात नाही, घरात. मातीच्या घागरी आणि छोटी मडकी मांडतात, त्यांत पाणी आणि अक्रोड भरतात. हे 'वटुक'. प्रसंग शिव-पार्वतीच्या लग्नाचा, म्हणून काही मडकी नवरा-नवरी आणि बाकीची वऱ्हाडी. पूजा रात्री उशिरापर्यंत चालते, कुठे कुठे पार पहाटेपर्यंत. पुढचे काही दिवस पोरं-थोरं कवड्यांनी हार-जीत खेळतात.

या सणाची एक गोष्ट फार सांगितली जाते. काश्मीरवर अफगाणांचं राज्य होतं, १८१९ साली रणजितसिंहांच्या फौजेने ते संपवलं. शेवटचा सुभेदार जब्बार खान. हेरथला बर्फ पडतोच, ही पंडितांची श्रद्धा त्याच्या कानावर गेली. त्याने फर्मान काढलं, यंदा हेरथ आषाढात करा, बघू कसा पडतो. आणि म्हणे, त्या भर उन्हाळ्यातही पडला! हवामानाचा पुरावा मागू नका. सत्ताधाऱ्याने तारीख बदलली तरी सण हलला नाही, हे सांगायला लोकांना ही गोष्ट लागत होती, आणि ती त्यांनी जपली.

तारीख हलली नाही. जागा मात्र हलली. जानेवारी १९९० पासून दहशतीमुळे पंडितांची कुटुंबं खोरं सोडून निघाली. त्याच फेब्रुवारीतली हेरथ अनेकांनी जम्मूत, मिळेल त्या खोलीत केली. पुढे तंबू, मग एका खोलीचे निवारे. खोऱ्यातल्या घरात वटुकासाठी वेगळी खोली असायची; इथे त्याच खोलीत स्वयंपाक, झोप आणि मुलांचा अभ्यास.

माझ्या मते पूजा टिकली ती घरातली होती म्हणून. चार भिंती मिळाल्या की मांडता येते. मातीचं मडकं नसेल तर स्टीलचं भांडं चालतं. पण पूजेनंतरचा दिवस? त्याचं नावच 'सलाम'. मोठी माणसं मुलांना 'हेरथ खर्च' म्हणून पैसे देत, आणि मुसलमान शेजारी मुबारक द्यायला येत. शेजारी कशाने रिप्लेस करणार? त्या दिवसाचं नाव तेवढं सोबत आलं.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. १९९० च्या दशकात बाळासाहेब ठाकरे यांच्या आग्रहामुळे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विस्थापित पंडितांच्या मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या. म्हणजे आपल्या आयटीवाल्यांपैकी काही जण त्या एका खोलीतून आलेत. कुणी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी लवकर निघालं तर समजून घ्या.

अमावास्येला वटुक उठवतात. पूर्वी झेलमच्या, त्यांच्या भाषेत व्यथच्या, घाटावर जाऊन पाणी सोडायचे. फ्लॅटमध्ये नळाखाली भागवतात. मग भांडं घेतलेला माणूस बाहेरून दार ठोठावतो. आतून प्रश्न येतो, कोण? तो म्हणतो, राम ब्रोर, म्हणजे रामाचा बोका. काय आणलंस? अन्न, धन, आरोग्य, अशी यादी तो सांगतो, आणि आतली मंडळी दार उघडतात. मग भिजलेले अक्रोड फोडून तांदळाच्या भाकरीबरोबर वाटतात, आधी घरात आणि नंतर मजल्यावरच्या सगळ्यांना.